हिरवा चहा वजनकाट्यावर!

आमच्या मावशीच्या कपात रोज सकाळी एक पिशवी डुंबत असते!

इवलीशी, चौकोनी, शेपटीला दोरा बांधलेली. गरम पाण्यात पडली की आधी ती नुसतीच तरंगते. मग हळूच तिच्या पोटातून पिवळसर हिरवा रंग बाहेर येतो आणि पाण्यात पसरत जातो. मावशी कप नाकाशी धरते. एक घोट घेते. आणि तोंड असं करते, जणू कुणी तिला कारल्याचा रस पाजलाय!

"मग पितेस कशाला गं?" मी विचारलं.

"अरे, ग्रीन टी आहे हा! यानं वजन कमी होतं," मावशी म्हणाली. आणि दुसऱ्या हातानं तिनं डब्यातली चकली उचलली!

दोस्तांनो, मला मोठी गंमत वाटली. गरम पाण्यात बुडवलेलं एक वाळकं पान. ते माणसाचं वजन कसं कमी करणार? पान आहे की जादूची कांडी?

मग मी ठरवलं. या हिरव्या चहालाच वजनकाट्यावर बसवायचं! चला, तुम्हीही या. पण आधी एक कोडं.

झाड एक, चहा अनेक

आपल्या घरातली चहा पावडर काळपट. मावशीचा चहा हिरवा. मग काळ्या चहाचं झाड वेगळं आणि हिरव्या चहाचं झाड वेगळं, हो की नाही?

नाही! झाड एकच! त्याचं शास्त्रीय नाव आहे कॅमेलिया सायनेन्सिस. त्याच झाडाच्या पानांचा काळा चहा होतो, हिरवा होतो आणि पांढरासुद्धा होतो.

तुमचं उत्तर चुकलं का? मुळीच लाजू नका. मोठमोठे विद्वानही इथे चुकलेत! कार्ल लिनियस नावाचा स्वीडनचा एक थोर शास्त्रज्ञ होता. झाडांना आणि प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत त्यानंच रूढ केली. अहो, त्यानंसुद्धा 1762 मध्ये काळ्या आणि हिरव्या चहाची झाडं वेगळी समजून त्यांना दोन वेगळी नावं दिली होती!

मग 1840 च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश माणूस चीनमध्ये गेला. परदेशी लोकांना तिथे चहाच्या मळ्यांपर्यंत जायला बंदी होती. मग त्यानं काय केलं असेल? चिनी कपडे घातले, डोकं भादरलं, मागे वेणी लावली आणि वेष बदलून आत शिरला! तिथे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. झाड एकच होतं. फरक होता तो पान खुडल्यानंतर त्याचं काय करतात यात.

तर मग काय करतात? ते कळायला आपल्याला स्वयंपाकघरात जावं लागेल.

बटाट्याची साक्ष

आई भाजीसाठी बटाटा चिरते आणि फोडी लगेच पाण्यात टाकते. का बरं? बाहेर ठेवल्या तर त्या तपकिरी पडतात! वांग्याचं तेच. सफरचंदाचंही तेच. डब्यात नेलेलं सफरचंद मधल्या सुट्टीपर्यंत कसं मातकट दिसायला लागतं, आठवतंय ना?

आता ओळखा पाहू! उकडलेला बटाटा चिरून ठेवला तर तो तपकिरी पडेल का?

नाही पडत! तासभर ठेवा, पांढराच राहतो. याच गमतीत हिरव्या चहाचं सगळं गुपित दडलंय.

कसं ते बघा. समजा, एका शाळेत शेजारी शेजारी दोन वर्ग आहेत. पाचवी अ आणि पाचवी ब. दोन्ही वर्गांतली मुलं भारी दंगेखोर. पण मध्ये भिंत आहे, त्यामुळे शाळा शांत. आता कुणी ती भिंतच पाडली तर? हलकल्लोळ!

चहाच्या पानात असेच दोन वर्ग असतात. एका वर्गात असतात कॅटेचिन नावाचे तुरट पदार्थ. दुसऱ्या वर्गात असतं एक विकर. विकर म्हणजे शरीरातली किंवा पानातली कामं झटपट उरकणारा छोटासा कामगार. पान झाडावर असतं तोवर मधली भिंत शाबूत असते. पान चुरगळलं की भिंत फुटते. दोन्ही वर्ग एकत्र येतात. त्यात हवेतला ऑक्सिजनही उडी मारतो. मग काय! दंगा सुरू होतो आणि पान तपकिरी पडत जातं.

काळा चहा करायचा असला की हा दंगा मुद्दाम होऊ देतात. आपली दाणेदार चहा पावडर बनते तेव्हा तर पानं दातेरी रुळांमधून घालतात. तिथे ती चिरडली जातात, फाटतात आणि त्यांच्या बारीक गोळ्या होतात. म्हणजे एकही भिंत उभी राहत नाही!

आणि हिरवा चहा? तिथे घंटा वाजायच्या आत हेडमास्तर वर्गात येतात! हे हेडमास्तर म्हणजे उष्णता. पानं खुडली की लवकरात लवकर तापवायची. जपानमध्ये पानांना वाफ देतात. आपण इडलीला देतो तशीच, पण अगदी थोडा वेळ. मिनिटभराच्या आसपास पुरते! चीनमध्ये पानं गरम कढईत परततात. हांगजौ शहराजवळ लुंगजिंग नावाचा प्रसिद्ध चहा होतो. तिथले कारागीर चक्क हातानं, तापलेल्या कढईत पानं दाबत, फिरवत, परतत राहतात!

उष्णता लागली की विकराचं काम कायमचं बंद पडतं. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं ना? ते पुन्हा पातळ होतं का? नाही. विकराचंही तसंच. म्हणून उकडलेला बटाटा पांढरा राहतो. आणि म्हणूनच हिरवा चहा हिरवा राहतो!

गुलाबी चहा आणि एक तोतया

थांबा, अजून एक धमाल! काश्मीरमध्ये याच हिरव्या पानांचा चहा पितात. पण त्याचा रंग असतो गुलाबी! पानं चिमूटभर सोडा घालून खूप वेळ उकळतात. मग पाणी गडद लाल होतं. त्यात दूध घातलं की झाला गुलाबी चहा! आणि त्यात साखर नाही, मीठ घालतात. त्याचं नाव नून चाय. नून म्हणजे मीठच!

आता सांगा. आपल्याकडे अंगणात, कुंडीत गवती चहा लावतात. आजी सर्दी झाली की आलं आणि गवती चहाची पात घालून काढा करते. हिरवीगार पात, हिरवट पाणी. मग हाही ग्रीन टीच का?

मुळीच नाही! तो तर तोतया! गवती चहा म्हणजे खरोखरच एक गवत आहे. ऊस, ज्वारी, बाजरी ही त्याची नातलग मंडळी. चहाच्या झाडाशी त्याचं काडीचंही नातं नाही. लिंबासारखा छान वास आहे, पण चहातली तरतरी आणणारी वस्तू त्यात नाही.

आणि "चहा" हा शब्द? त्याचं मूळ चिनी भाषेत आहे. तिथे चहाला "चा" म्हणतात. चीनच्याच फूज्येन किनाऱ्यावरच्या बोलीत मात्र म्हणतात "ते". तिथून डच व्यापाऱ्यांनी जहाजातून चहा नेला आणि सोबत शब्दही नेला. त्याचंच इंग्रजीत "टी" झालं. म्हणजे एकाच पानाची दोन्ही नावं चीनमधलीच!

आजीच्या पानाच्या डब्यात काय सापडलं?

मावशी तोंड वाकडं का करते, हे आता शोधू या.

हिरवा चहा तुरट लागतो. कच्चा पेरू खाल्ल्यावर किंवा आवळा चावल्यावर जीभ कशी खरखरीत होते? तसंच. ही सगळी करामत कॅटेचिनची. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात. ती तोंडाला बुळबुळीत, मऊ ठेवतात. कॅटेचिन त्यांनाच जाऊन चिकटतात. मग तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं.

आता "कॅटेचिन" हा शब्द नीट ऐका. कॅटे... काते... कात! हो, विड्याच्या पानाला लावतात तोच कात! तो खैराच्या झाडाच्या लाकडापासून काढतात. शास्त्रज्ञांना हा पदार्थ पहिल्यांदा कातातच सापडला. म्हणून त्याचं नाव पडलं कॅटेचिन. आपल्या रायगड-ठाण्याच्या डोंगरांत कातकरी लोक राहतात ना? खैरापासून कात काढायचं काम त्यांचे पूर्वज करत. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. जपानच्या चहाच्या कपात आणि आजीच्या पानाच्या डब्यात एकाच घराण्यातली मंडळी! आहे की नाही गंमत?

मग हिरव्या चहातलं कॅटेचिन कुणी वेगळं काढलं? एका जिद्दी बाईंनी! त्यांचं नाव मिचियो त्सुजिमुरा. जन्म 1888 चा, जपानमधला. त्या काळी टोकियोच्या मोठ्या विद्यापीठात मुलींना विद्यार्थिनी म्हणून प्रवेशच नव्हता. त्यांनी 1920 मध्ये होक्काइदोच्या विद्यापीठात पगाराशिवाय काम सुरू केलं. पुढे टोकियोला आल्या. तर 1923 मध्ये मोठा भूकंप झाला आणि त्यांची प्रयोगशाळाच उद्ध्वस्त झाली!

त्या थांबल्या का? छे! दुसऱ्या प्रयोगशाळेत गेल्या. 1924 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हिरव्या चहात क जीवनसत्त्व शोधलं. 1929 मध्ये त्यांनी हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळं काढलं. आणि 1932 मध्ये शेतीशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. अशी डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या जपानमधल्या पहिल्या स्त्री!

नंतर त्या टोकियोतल्या ओचानोमिझु विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. त्या नावाचा अर्थ काय, ठाऊक आहे? "चहाचं पाणी"! चहावर संशोधन करणाऱ्या बाईंना याहून चांगलं विद्यापीठ कुठे मिळणार?

संगीत खुर्चीत घुसलेला पाहुणा

चहात आणखी एक पदार्थ असतो. कॅफीन! तेच, जे कॉफीतही असतं. हिरव्या चहाच्या एका कपात ते साधारण 30 मिलिग्रॅम असतं. कॉफीच्या कपात याच्या दुप्पट-तिप्पट.

कॅफीन झोप कशी पळवतं? ऐका. आपण दिवसभर जागे असतो, तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ हळूहळू साठतो. मेंदूत त्याच्यासाठी खास खुर्च्या असतात. खुर्च्या भरल्या की मेंदू म्हणतो, "चला, आता झोपायची वेळ झाली."

कॅफीन दिसायला अॅडेनोसिनसारखंच! ते येतं आणि त्या खुर्च्यांवर जाऊन बसतं. बिचारं अॅडेनोसिन उभंच राहतं. संगीत खुर्चीत बाहेरच्या मुलानं येऊन जागा अडवावी तसं! मेंदूला वाटतं, अजून कुणी आलंच नाही. आणि झोप लांबते.

आठशे वर्षांपूर्वी जपानी भिक्षूंना याचाच उपयोग झाला. एइसाई नावाचे भिक्षू 1191 मध्ये चीनहून चहाचं बी घेऊन जपानला परतले. ध्यानाला बसल्यावर डुलकी लागू नये म्हणून भिक्षू चहा पीत. एइसाईंनी 1211 मध्ये तर चहा तब्येतीला किती चांगला, यावर पुस्तकच लिहिलं! म्हणजे हिरव्या चहाचं कौतुक मावशीच्या कितीतरी आधीपासून चाललंय.

पण कौतुक वेगळं आणि मोजमाप वेगळं. हो ना? आता काढा तो वजनकाटा!

खोलीत कोंडलेली माणसं

समजा तुम्हाला शोधायचंय, हिरव्या चहानं शरीर जास्त ऊर्जा खर्च करतं का? कसं शोधाल?

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात शास्त्रज्ञांनी काय केलं सांगू? 10 तरुणांना एकेक करून एका खास बंद खोलीत दिवसभर राहायला सांगितलं! आत जाणारी हवा मोजली. बाहेर येणारी हवा मोजली. माणसानं किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला, त्यावरून त्यानं किती ऊर्जा खर्च केली हे कळतं. गाडीनं किती पेट्रोल जाळलं ते धुरावरून ओळखावं तसं!

त्यांना जेवणासोबत हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या दिल्या. आणि 1999 मध्ये निकाल जाहीर झाला. ऊर्जेचा खर्च खरंच वाढला होता! किती? सुमारे 4 टक्के.

4 टक्के म्हणजे किती हो? दिवसाला साधारण 80 कॅलरी. कॅलरी म्हणजे खाण्यातली ऊर्जा मोजायचं माप. आणि 80 कॅलरी म्हणजे जेमतेम एक छोटी पोळी!

मग रोज एकेक पोळी वाचत गेली तर वजन उतरायलाच हवं. उतरतं का? इथे खरी मजा आहे!

2012 मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटानं जगभरचे 18 अभ्यास एकत्र केले. त्यात 1,945 मोठी माणसं होती. काहींना हिरवा चहा किंवा त्याचा अर्क दिला होता, काहींना नाही. निदान 12 आठवडे हे सगळं चाललं होतं. जपानबाहेर झालेल्या 6 अभ्यासांत दोन्ही गटांच्या वजनात सरासरी किती फरक पडला असेल? अंदाज करा! पाच किलो? दोन किलो? एक किलो?

0.04 किलो! म्हणजे 40 ग्रॅम!

पुन्हा सांगतो. तीन महिने. आणि 40 ग्रॅम! एक कोंबडीचं अंडंसुद्धा याहून जड असतं. तुम्ही एक पेला पाणी प्यायलात, की तेवढ्यानंच तुमचं वजन 200 ग्रॅमनं वाढतं. 40 ग्रॅम तर मावशीच्या दोन-तीन चकल्यांत भरून निघतील!

जपानमधल्या अभ्यासांचं काय? तिथले आकडे 200 ग्रॅमपासून साडेतीन किलोपर्यंत पसरलेले होते. इतके वेगवेगळे, की त्यांची एकत्र सरासरीच काढता येईना. शेवटी शास्त्रज्ञांनी सगळ्याचं सार सांगितलं. हिरव्या चहानं वजन घटलंच, तर इतकं थोडं घटतं, की तब्येतीच्या दृष्टीनं त्याचा फारसा उपयोग नाही.

चरबी कुठून पळते?

जाहिरातीत म्हणतात, "चरबी वितळवा!" तुम्हाला वाटेल, तूप वितळतं तशी चरबी वितळून वाहून जात असेल. घामातून? की शू मधून? ओळखा पाहू!

ती जाते नाकातोंडातून! श्वासावाटे! खरंच!

ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये याचा हिशोब मांडला. शरीरानं 10 किलो चरबी वापरली, तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जाते. उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. म्हणजे वजन कमी करणारा माणूस आपली चरबी चक्क हवेत सोडून देत असतो!

मग जोरजोरात श्वास घेतला तर? अंहं! नुसती चक्कर येईल. आधी शरीराला ती चरबी वापरावी लागते. आणि ती वापरायला लागतं धावणं, चालणं, खो-खो खेळणं, दोरीच्या उड्या मारणं!

एक गोष्ट मात्र हिरव्या चहाच्या बाजूनं बोलायलाच हवी. बिनसाखरेच्या हिरव्या चहात कॅलरी जवळजवळ नसतातच. थंड पेयाच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम साखर असते. म्हणजे सहा-सात चमचे! ती बाटली सोडून कुणी मोठ्या माणसानं बिनसाखरेचा चहा घेतला, तर फरक पडेलच. पण ती करामत चहाची नाही. न खाल्लेल्या साखरेची!

छत्री आणि चिखल

"बरं, वजनाचं जाऊ दे. पण तब्येतीला तर चांगला ना?" मावशीनं विचारलं.

प्रश्न एकदम बरोबर! जपानमधल्या ओसाकी भागात 40,530 माणसांकडे शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं लक्ष ठेवलं. 2006 मध्ये निष्कर्ष आले. रोज 5 किंवा जास्त कप हिरवा चहा पिणाऱ्यांमध्ये हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी मरण पावणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं. कॅन्सरच्या बाबतीत मात्र असा फरक दिसला नाही.

म्हणजे चहानं हृदय वाचवलं? जरा थांबा!

पावसाळ्यात ज्या मुलांच्या हातात छत्री असते, त्यांच्या बुटांना चिखलही असतो. मग छत्रीमुळे चिखल होतो का? नाही ना! दोन्ही होतात पावसामुळे. तसंच, जास्त हिरवा चहा पिणारी माणसं कदाचित जास्त चालत असतील, मासे-भाज्या जास्त खात असतील. शास्त्रज्ञ अशा गोष्टी हिशोबातून वेगळ्या काढायचा प्रयत्न करतात. पण सगळ्याच काढता येत नाहीत. म्हणून ते सावधपणे म्हणतात, "हिरवा चहा हृदयाला चांगला असू शकतो." त्या "असू शकतो" मध्येच शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे बरं का!

विळीचं पातं काळं का पडतं?

आता एक सावधगिरीची गोष्ट. लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं काळं पडतं. पाहिलंय ना? आवळ्यातले तुरट पदार्थ लोहाला घट्ट मिठी मारतात, त्याचा तो काळा रंग. पूर्वी अशाच युक्तीनं शाईसुद्धा करत!

चहातले तुरट पदार्थही तेच करतात. तुम्ही पालक खाल्ला, नाचणीची भाकरी खाल्ली, उसळ खाल्ली. त्यातलं लोह रक्तासाठी हवं असतं. पण जेवतानाच चहा प्यायला, तर पोटात त्या लोहाला मिठी बसते आणि ते शरीराला कमी मिळतं. चहा काळा असो की हिरवा, हे दोघंही करतात! म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर हवं. आणि पोह्यांवर लिंबू मात्र जरूर पिळा! लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. आईनं पोह्यांबरोबर लिंबाची फोड उगाच नाही दिलेली!

आणि गोळ्या? दुकानात हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या मिळतात. वाटतं, कपाऐवजी गोळी, काम सोपं! पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये सांगितलं, की अशा गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी पोटात गेलं, तर यकृताला त्रास होण्याची चिन्हं दिसू शकतात. ईजीसीजी हे हिरव्या चहातलं मुख्य कॅटेचिन. साध्या कपातून एवढं सहसा जात नाही. चिमूटभर मीठ आमटीला चव आणतं. मूठभर घातलं तर?

आणि तुम्ही? तुमचं वय वाढायचं! उंची वाढायला हवी, हाडं वाढायला हवीत, म्हणून वजनही वाढायलाच हवं. वजन कमी करायला चहा पिणं हे मुलांचं काम नाही. शिवाय कॅफीननं रात्रीची झोप जाते, ती वेगळीच.

करून बघा!

घरातल्या मोठ्या माणसाला मदतीला घ्या. सुरी आणि गरम पाणी त्यांच्याच हातात राहू दे.

एक: बटाट्याच्या तीन फोडी घ्या. एक कच्ची. एक कच्ची, पण लिंबाचा रस लावलेली. एक उकडलेली. अर्धा-एक तास ताटलीत ठेवा. कोणती तपकिरी झाली? कोणती नाही? उकडलेल्या फोडीचं कारण आता तुम्हाला ठाऊक आहे! लिंबाचं कारण मात्र तुम्हीच शोधा!

दोन: दोन काचेच्या पेल्यांत हिरवा चहा घ्या. एकात खाण्याचा सोडा चिमूटभर टाका. काही वेळानं दोन्ही रंग शेजारी शेजारी बघा. कोणता गडद झाला? काश्मिरी चहाची आठवण आली ना? हा चहा मात्र प्यायचा नाही, नुसता बघायचा!

मी हे सगळं मावशीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाणी जास्तच उकळत होते मी. म्हणून कडू व्हायचा." खरंय! खळखळत्या पाण्यात हिरवा चहा कडू होतो. पाणी उकळून दोन-तीन मिनिटं निवू दिलं, तर चव छान लागते. आता मावशी तसाच करते आणि तोंड वाकडं न करता पिते. संध्याकाळी बागेत चालायलाही जाते. चकल्या मात्र अजून सुटलेल्या नाहीत!

तर दोस्तांनो, पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "हे प्या, वजन उतरेल! ते खा, चरबी वितळेल!" तर घाबरू नका आणि हसूही नका. फक्त दोन प्रश्न विचारा.

किती ग्रॅम? आणि कुणी मोजलं?